पंचविसाचा कट्टा

अम्मा पंचवीस विड्या मोजत नाही,
मूठ भरली की तिला कळतं.
विडी घरकुलात सगळ्याच बायकांना कळतं.
मला अजून मोजाव्या लागतात,
आणि मी दहावीत आहे, गणितात ब्याण्णव.

शाळेच्या मागच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या.
वर प्रयोगशाळा.
जर्नल तपासून घ्यायला एकेकीनं यायचं,
आत आलं की दार लावायचं,
पंख्याचा वारा बाहेर जातो म्हणून.
सोलापूरच्या मार्चमध्ये हे कारण कुणालाही पटतं.

शिवगंगा हत्तुरे वर गेली आणि जर्नल तिथंच टाकून पळत आली.
नवं घेतलं. पहिल्या पानापासून सगळं पुन्हा उतरवलं,
प्रिझम, सात रंग, स्केचपेनसकट,
पण परत वर गेली नाही.
तहसीन म्हणाली, मीपण नववीत दोन केली होती.
मग कळत गेलं
वर्गात किती जणींनी दोन-दोन जर्नलं लिहिलीत.

सांगितलं नव्हतं असं नाही.
वर्गशिक्षिका म्हणाल्या, ओढणीला दोन्हीकडून पिन लावा.
लावली.
शिवगंगाचा भाऊ म्हणाला, शाळाच बंद करून टाकू की.
पोरं म्हणाली, काय बे, हात धरून शिकवतात, त्यात काय एवढं.
पोरांच्या मोबाईलवर आम्हा सगळ्यांना दहापैकी मार्क होते.
मला साडेचार.
खोटं कशाला सांगू,
आधी मी त्या साडेचारसाठीच रडले.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत
शिवगंगा जिन्यात जाऊन बसली. सहावी पायरी. डबा उघडला.
कडक भाकरी, शेंगाचटणी.
तहसीन तिच्या खालच्या पायरीवर. तिच्या खाली करुणा सरवदे.
ठरवलेलं काही नव्हतं.
सर उतरायला आले तेव्हा
जिना भरला होता, काही पायऱ्यांवर तर दोघी-दोघी.
कुणी पाय आखडला नाही.
कुणी उलट बोललं नाही.
"सर, चटणी घ्या," करुणा म्हणाली.
ते वळून परत वर गेले.
आणि आम्हाला हसता हसता असा ठसका लागला
की बाटल्या संपल्या,
त्या दिवशी पाण्याचा वार नव्हता तरी.

मग चिठ्ठ्या.
तारीख, वेळ, काय झालं.
विशेषणं नकोत, तहसीन म्हणाली, ती मराठीच्या पेपरात लिहा.
जमल्या माझ्याकडे, कारण माझ्याकडे दोरा होता.
रात्री विडीच्या दोऱ्यानं बांधून ठेवल्या.
अम्मानं कट्टा उचलला. वाचला नाही,
नुसती मूठ मिटली.
"दोन कमी," म्हणाली.

तेवीस होत्या.
सगळ्यांच्या जमवत फिरत होते,
माझी लिहिली नव्हती.
लिहिली.
दुसरी कुणाची, हे विचारायच्या आत
अम्मानं तंबाखूचे हात पदराला पुसले,
सूप बाजूला सारलं,
आणि तेलुगूत लिहायला लागली. दोन ओळी. मग आणखी दोन.
मधेच म्हणाली, कारखान्यातला मुकादम.
छाट काढायचीय, तू थांब, म्हणायचा.
साल आठवत नाही. चालेल?
चालेल, अम्मा.
तेलुगू मला बोलता येतं, वाचता येत नाही.
वाचून दाखव म्हणाले नाही.

सकाळी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर कट्टा.
आम्ही चोवीस जणी, दारातून पार व्हरांड्यापर्यंत.
त्या म्हणाल्या, गर्दी नको, एकेकीनं आत या.
शिवगंगा म्हणाली,
एकेकीनं नाही, मॅडम.

त्यांनी दोरा सोडला.
वाचत गेल्या, प्रत्येक चिठ्ठी पालथी घालत.
शेवटच्या चिठ्ठीला वाटलं, आता विचारतील,
ही कुणाची, ही कुठल्या लिपीत.
विचारलं नाही.
त्यांचे ओठ हलत होते.
परिपाठाला शुद्ध मराठीसाठी आमचे कान उपटणाऱ्या मॅडमना
तेलुगू वाचता येतं,
हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

पंखा सुरू होता.
शिपाईमामा सवयीनं दार ओढून घ्यायला आले.
"राहू द्या," त्या म्हणाल्या,
मान वर न करता,
"उघडं राहू द्या."